कोणाचीही नसलेली वाट

सायकल हे आमचे पहिले वाहन, आणि प्रकृतीने साथ दिली तर शेवटचेही तेच ठरावे अशी आमची इच्छा आहे. वसईच्या ज्या पट्टीत आमचे बालपण गेले, तेथे पहाटेच्या काळोखात दुधाच्या किटल्या, केळीचे घड आणि भाजीच्या पाट्या लादलेल्या सायकलींची रांग स्टेशनच्या दिशेने लागलेली असे. वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून आम्ही जगाचे प्रथम दर्शन घेतले. पुढे सेमिनरीत गेलो, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचे धडे गिरवले, गुरुदीक्षा झाली, आणि पहिल्या नेमणुकीच्या गावी पोहोचलो तेव्हा तेथील वडीलधाऱ्या धर्मगुरूंनी आमच्या हाती दोनच गोष्टी ठेवल्या : आजाऱ्यांची यादी आणि एक जुनी सायकल. ग्रंथांतून जे कळले नव्हते ते त्या सायकलने शिकवले. मोटारीतून जाणाऱ्याला घरे दिसतात; सायकलवरून जाणाऱ्याला अंगणातली माणसे दिसतात आणि ती त्याला हाक मारतात, असा आमचा तेव्हापासूनचा दृढ समज होता. गेल्या जुलै महिन्यात, घरापासून फार दूर, एका दिवसात हा समज कसा कसोटीस लागला, त्याची ही हकीकत.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण दांपत्य काही वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात गेले. पत्नी परिचारिका, पती मोटारी दुरुस्त करणारा. मुलीच्या प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकाराच्या निमित्ताने त्यांनी आम्हाला आग्रहाने बोलावले. वाचकहो, ऑस्ट्रेलियाचा नकाशा उघडावा आणि खंडाच्या मधोमध बोट ठेवावे; त्या बोटाखाली जे एकच नाव झाकले जाईल ते ॲलिस स्प्रिंग्ज. दक्षिणेकडील ॲडलेड शहर येथून सुमारे १५०० किलोमीटर, उत्तरेकडील डार्विनही जवळजवळ तेवढेच. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. आमच्या वसई रोड स्थानकाच्या फलाटांवर सकाळच्या दोन-तीन तासांत याहून अधिक माणसे दिसत असावीत. सभोवार तांबडी माती, खुरटी झुडपे आणि मॅक्डोनेल पर्वताच्या जांभळट रांगा. तेथील लोक या पसाऱ्याला 'आउटबॅक' म्हणतात, म्हणजे पाठीमागचा मुलूख. कोणाच्या पाठीमागचा, हा प्रश्न आम्हाला त्या दिवशी सकाळी पडला नव्हता, संध्याकाळी पडला.

समारंभ आटोपला होता. त्या दिवशी पतिपत्नी दोघेही कामावर जाणार, मुलगी शाळेत. सेवेच्या इतक्या वर्षांत असा एकही दिवस आम्हाला आठवत नाही, ज्या दिवशी कोणीच आमची वाट पाहत नव्हते. तो दिवस असा अचानक ओंजळीत येऊन पडला. "फादर, घरी बसून काय कराल? माझी सायकल घेऊन जा," यजमान म्हणाले. त्यांनी चाकांत हवा भरली, पंक्चर काढण्याचे सामान पिशवीत टाकले. वहिनींनी चपात्या, बटाट्याची भाजी आणि लोणचे बांधून दिले, आणि पाण्याच्या चार बाटल्या पुढे ठेवल्या. एवढे पाणी कशाला, असे आम्ही विचारताच त्या म्हणाल्या, "फादर, इथे पाणी तहान लागल्यावर नाही घेत, निघताना घेतात." हे वाक्य कोणत्याही प्रवचनात शोभले असते.

जुलै म्हणजे तेथला हिवाळा. उन्हे नुकतीच डोंगरावर आली होती, पारा शून्याच्या जवळपास होता, आणि हातमोज्यांतून बोटे बधिर झाली होती. गावाच्या उत्तरेस चार किलोमीटरवर जुने तारघर आहे. तेथपर्यंत टॉड नदीच्या काठाने सायकलींसाठी चांगली वाट आहे. प्रथम तिकडे वळलो. नदी म्हटली की आमच्या डोळ्यांसमोर वैतरणा येते. टॉड नदीत पाणी नव्हते. रुंद, पिवळट वाळूचे पात्र आणि त्या पात्रातच उभी असलेली निलगिरीच्या जातीची प्रचंड झाडे. वर्षाकाठी जेमतेम २८० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या गावाने आपल्या नदीचा विनोदही करून ठेवला आहे. १९६२ पासून येथे दरसाल नौकांची शर्यत होते. नौकांना तळ नसतो. नाविक त्यांच्या आत उभे राहून, नाव हातांनी उचलून वाळूतून धावत सुटतात. १९९३ साली मात्र ही शर्यत रद्द करावी लागली, कारण नदीला पाणी आले होते! हे आठवून आम्ही एकटेच हसत चाललो होतो.

तेवढ्यात पात्रातल्या एका झाडाखाली धूर दिसला. शेकोटीभोवती पाच-सहा मूलनिवासी माणसे घोंगड्या पांघरून बसली होती. दोन स्त्रिया, एक लहान मूल, दोन कुत्री आणि रुंद काठाची टोपी घातलेला एक वृद्ध. वाट त्यांच्यापासून वीस-पंचवीस पावलांवरून जात होती. वृद्धाने आमच्याकडे पाहिले आणि हात किंचित वर केला. विमानात आमच्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी नदीत बसणाऱ्या लोकांपासून जपून राहण्याचा सल्ला आपणहून दिला होता. तो सल्ला त्या क्षणी आमच्या पायांत उतरला. एक हात नकळत खांद्यावरच्या पिशवीवर गेला, नजर समोर खिळली, आणि पायडल जोरात फिरू लागले. जो मनुष्य आपल्या धर्मग्रामात घरच्या गाईगुरांचीही विचारपूस केल्याखेरीज पुढे जात नाही, तो एका म्हाताऱ्या माणसाच्या उचललेल्या हाताला उत्तर न देता निघून गेला. पुढच्या वळणावर आम्ही स्वतःची समजूतही घातली : थंडी फार आहे, थांबायला नको, येताना पाहू.

तारघर ही दगडी, बैठ्या इमारतींची सुबक वसाहत आहे. १८७२ साली दक्षिणेकडील पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत सुमारे ३२०० किलोमीटरची तार या ओसाड मुलखातून खेचण्यात आली आणि ऑस्ट्रेलिया जगाशी जोडले गेले. त्या कामाचे प्रमुख चार्ल्स टॉड. नदीला त्यांचे नाव आणि जवळच्या डोहाला त्यांच्या पत्नीचे, ॲलिसचे. स्प्रिंग म्हणजे झरा. पण तो झरा नव्हेच, नदीच्या पात्रात साचलेले पाणी आहे. नवलाची गोष्ट अशी की डार्विनहून समुद्राखालून जाव्याला गेलेला तो संदेश सिंगापूर, पिनांग, मद्रास असा येत मुंबईस पोहोचे आणि मुंबईहून पुन्हा सागराखालून एडनमार्गे इंग्लंडकडे जाई. आमच्या किनाऱ्याचा आणि या वाळवंटाचा दीडशे वर्षांपूर्वीचा असा संबंध पाहून मन सुखावले.

ते सुख फार वेळ टिकले नाही. पुढच्या खोलीतील फलक सांगत होता की १९३२ ते १९४२ या काळात याच इमारतींत 'बंगलो' नावाची संस्था होती. मूलनिवासी माता आणि गोरे पिता यांची मुले आयांपासून काढून घेऊन येथे ठेवली जात, जेणेकरून ती आपली भाषा आणि आपले लोक विसरतील. हे एका ठिकाणचे नव्हते; देशभर, अनेक दशके, कायद्याच्या आधाराने हे चालले, आणि सांगावयास लाज वाटते, त्यात आमच्यासारख्या धर्मसेवकांच्या संस्थांचाही हात होता. १९९७ साली या प्रकाराचा चौकशी-अहवाल प्रसिद्ध झाला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने क्षमा मागितली. ज्या घराने दूरच्या राजधानीचा कानोसा घेतला, त्याच घराच्या ओसरीत आईला हाका मारणारी मुले होती, आणि त्यांचा आवाज कोणत्याही तारेवरून गेला नाही. आम्ही बराच वेळ त्या ओसरीत बसलो. परतताना मुद्दाम दुसऱ्या काठाने आलो, हेही येथे नमूद केले पाहिजे. तेथून शेकोटीचा धूर दिसत होता. माणसे दिसत नव्हती.

गावात एक कप कॉफी घेऊन आम्ही पश्चिमेकडे निघालो. सात किलोमीटरवर रस्त्यालगत जॉन फ्लिन यांची समाधी आहे. हे प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. दोन-दोनशे किलोमीटरवर एकेक घर असलेल्या या मुलखात अपघात वा आजार म्हणजे मरणच, हे पाहून त्यांनी १९२८ साली विमानातून जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा उभी केली. तीच आजची विख्यात 'फ्लाइंग डॉक्टर' सेवा. पण विमान बोलवायचे कसे? विजेचा पत्ता नाही, टेलिफोन नाही. आल्फ्रेड ट्रेगर या अभियंत्याने १९२९ मध्ये त्यावर तोड काढली : पायडल मारून चालणारा रेडिओ. सायकलसारखे पायडल फिरवायचे, त्यावर वीज निर्माण व्हायची आणि रानातल्या घरातील बाई शेकडो किलोमीटरवरच्या डॉक्टरला मुलाचा ताप सांगायची. खिशातील वीस डॉलरची नोट काढून पाहिली. तिच्यावर फ्लिन यांचीच मुद्रा आहे. सायकलस्वार या नात्याने आम्ही समाधीपुढे आदराने उभे राहिलो.

या समाधीवर एक मोठी गोल शिळा आहे, आणि तिची कथा समाधीइतकीच ऐकण्यासारखी आहे. फ्लिन १९५१ साली वारले. त्यांच्या चाहत्यांनी सुमारे ४०० किलोमीटर उत्तरेकडून, कार्लू कार्लू येथील प्रसिद्ध गोलाकार शिळांमधून एक शिळा आणून येथे बसवली. हेतू शुद्ध होता. फक्त ती शिळा कोणाची आहे हे विचारायचे राहिले. ज्यांच्यासाठी कार्लू कार्लू हे पवित्र स्थान, त्या लोकांनी ती परत मिळावी म्हणून वर्षानुवर्षे मागणी केली. अखेर १९९९ मध्ये ती शिळा आपल्या जागी परत गेली. मग समाधी उघडी पडली काय? नाही. ॲलिस स्प्रिंग्जच्या परिसराचे मूळ धनी असलेल्या अरंडा लोकांनी आपल्या भूमीतली एक शिळा आपणहून दिली. आज जी दिसते ती हीच. न विचारता घेतलेल्या दगडाच्या जागी दिलेला दगड आला. दोन्ही दगडच, पण पहिला उचलून आणलेला, दुसरा आशीर्वाद म्हणून आलेला.

समाधीपासून सिम्प्सन्स गॅप या खिंडीपर्यंत सतरा किलोमीटरची फक्त सायकलींची आणि पादचाऱ्यांची डांबरी वाट जाते. मोटार नाही, घर नाही, दुकान नाही. वाट झुडपांतून वळत जाते, कोरड्या ओढ्यांत उतरते, पुन्हा चढते. बाभळीच्या कुळातील मुल्गा नावाची करड्या पानांची झाडे, आणि मधूनच 'घोस्ट गम' : चुन्याने सारवल्यासारख्या शुभ्र खोडाचे झाड. हात लावला तर पांढरी भुकटी बोटांना लागते. या झाडांची जलरंगातील चित्रे अरंडा चित्रकार आल्बर्ट नमाटजिरा (१९०२-१९५९) यांनी जगभर पोहोचवली. त्यांना कीर्ती मिळाली, राणीचे पदक मिळाले. पण ज्या भूमीची चित्रे घरोघरी टांगली गेली, त्या भूमीवर, ॲलिस स्प्रिंग्ज गावात, घर बांधण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही.

आम्ही हळू चाललो होतो. कोणी ओलांडून जात नव्हते, कोणी समोरून येत नव्हते. थंडी सरली होती, ऊन कोवळे होते आणि आकाशाचा निळा रंग आमच्या किनाऱ्यावर कधी न दिसणारा. गुलाबी छातीच्या काकाकुव्यांचा एक थवा कलकलत डोक्यावरून गेला आणि त्यानंतर जी शांतता पसरली तिच्यात साखळीची कुरकुरही मोठी वाटू लागली. १८९७ साली जेरोम म्युरिफ नावाचा एक तरुण पायजमा घालून, सायकलवर बसून, ॲडलेडच्या समुद्रकिनाऱ्यापासून डार्विनपर्यंत हा संपूर्ण खंड एकट्याने ओलांडून गेला होता. तारेच्या खांबांच्या कडेने तो याच गावावरून गेला. आम्ही मनाशी म्हटले, त्याच्यासारखेच आपणही एका रिकाम्या जगातून चाललो आहोत. या 'रिकाम्या' शब्दात मोठा गोडवा होता. कोणाचे देणे नाही, कोणाचे गाऱ्हाणे नाही, कोणाचा उचललेला हात नाही.

त्याच क्षणी मागचे चाक डगमगू लागले. हवा उतरली होती. सायकल उलटी केली, चाक काढले, पाना लावून टायर सोडवला. टायरमध्ये रुतलेला काटा चिमटीत धरून पाहिला आणि आम्ही चकित झालो. हा तर सराटा! आमच्या बालपणी माळावर अनवाणी धावताना टाचेत घुसून ज्याने अनेकदा रडवले, तोच दोन शिंगांचा, लाकडासारखा टणक काटा. वाटेच्या कडेला त्याची जमिनीवर पसरलेली वेलही होती. एवढा समुद्र ओलांडून येथे कोणीच ओळखीचे भेटणार नाही असे वाटत असताना ओळख दिली ती याने. पंक्चर शोधायला परातभर पाणी लागते आणि बाटलीतले पाणी तर पिण्याचे. तेव्हा ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती ओठांजवळून हळूहळू फिरवली. बारीक फुंकर लागली तेथे भोक. घासून घेतले, सोल्यूशन लावले, वाळू दिले, ठिगळ दाबून धरले. पहिल्या नेमणुकीच्या गावी एका सायकलवाल्याने शिकवलेली ही विद्या तीस वर्षांनी कामास आली.

मात्र या अर्ध्या तासात, जमिनीवर मांडी घालून बसल्यामुळे, जे सायकलवरून दिसले नव्हते ते दिसले. वाळूत सरड्याच्या शेपटीची रेघ होती, शेजारी पक्ष्यांच्या नखांच्या खुणा. मुंग्यांच्या वारुळाभोवती मुल्ग्याची पाने एखाद्या बांधासारखी रचलेली होती. ज्याला आम्ही रिकामे म्हटले होते तो सगळा मजकूर होता. फक्त आम्हाला ती लिपी येत नव्हती.

दुपारी खिंडीशी पोहोचलो. दोन्ही बाजूंना तांबड्या खडकाचे उभे कडे, मधून वाळूचे पात्र आणि तळाशी स्थिर, काळेभोर, थंडगार पाणी. कड्याच्या तुटलेल्या दगडांवर मांजराएवढे कांगारूच्या जातीचे प्राणी, काळ्या पायांचे वॉलबी, क्षणभर दिसत आणि दगडातच विरून जात. सावलीत बसून चपाती-भाजी खाल्ली. अमृततुल्य लागली. पूर्वीच्या गोऱ्या प्रवाशांनी या खिंडीला सिम्प्सन हे नाव चिकटवले. तिचे मूळ नाव रुंगुचिर्पा. अरंडा लोकांच्या पुराणकथेनुसार हे प्राचीन महाकाय घोरपडींचे, त्यांच्या पूर्वजांचे, निवासस्थान आहे. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक डोंगर, प्रत्येक डोह कोणा ना कोणा पूर्वजाच्या प्रवासातून घडला आहे आणि त्या प्रवासाच्या वाटा गीतांत जपलेल्या आहेत. ॲलिस स्प्रिंग्ज या नावाआधी त्या जागेला म्बार्न्ट्वा हे नाव होते, आजही आहे, आणि तेथील डोंगर हे तेथल्या माणसांचे सुरवंटरूपी पूर्वज आहेत.

हे सर्व असताना, इंग्रजांनी १७८८ मध्ये वसाहत केली ती ही भूमी कोणाचीही नाही असे धरून. लॅटिनमध्ये त्याला 'टेरा न्यूलियस' म्हणतात. सेमिनरीत लॅटिनचे जे चार शब्द आमच्या कानावर पडले त्यांत हे दोन सुटे सुटे होते, त्यांच्या जोडीने काय अनर्थ होऊ शकतो ते मात्र कोणी सांगितले नव्हते. नोव्हेंबर १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे ॲलिस स्प्रिंग्ज येथे आले आणि मूलनिवासी जनांच्या मेळाव्यात त्यांच्या भूमीवरील हक्कांची बाजू घेऊन बोलले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९९२ मध्ये, मेबो खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो जुना दंडक मोडीत काढला आणि मूलनिवासींचा भूमीशी असलेला हक्क मान्य केला. दोनशेचार वर्षांनी न्यायाधीशांनी जे मान्य केले ते अमान्य करायला आम्हाला त्या सकाळी एक क्षण पुरला होता. दंडक कायद्यातून गेला असला तरी तो कोणाच्याही पायांत राहू शकतो. आमच्या राहिला होता. नाही तर माणसे बसलेल्या नदीकाठावरून येऊन, पुढे एका वाटेला आम्ही 'रिकामी' म्हटले नसते.

परतीच्या वाटेवर वारा समोरून होता. फ्लिन यांची समाधी, मग गावाची पहिली घरे, मग पूल. सूर्य मावळतीला आला होता आणि डोंगर आतून पेटल्यासारखे लाल झाले होते. यजमानांचे घर उजवीकडे होते. आम्ही डावीकडे वळलो.

शेकोटी तेथेच होती. वृद्धही. सायकल वाटेवर ठेवून वाळूत उतरलो. जोडे रुतत होते. काय बोलायचे ते ठरवले नव्हते. "नमस्कार, सकाळी इथून गेलो होतो," एवढेच इंग्रजीत म्हणालो. वृद्धाने मान हलवली. "पाहिले. घाईत होता." त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते शब्द लागले. स्त्रियांपैकी एकीने मुलाला बाजूला ओढून जागा केली. आम्ही बसलो.

"कुठून?" वृद्धाने विचारले.

"इंडियातून."

त्याने वाटेवर उभ्या असलेल्या सायकलकडे पाहिले, मग आमच्याकडे. "त्या सायकलवरून?"

स्त्रिया खदखदून हसल्या, मूल हसले, आम्हीही हसलो. मग फारसे कोणी बोलले नाही. शेकोटीत एक काटकी सरकवण्यात आली. चौथी बाटली अजून भरलेली होती, ती फिरली. अंधार पडू लागला तेव्हा निरोप घेतला. कोणतेही मोठे ज्ञान त्या वाळूत आम्हाला मिळाले नाही, आणि ते देण्याचे त्या माणसांवर काही ऋणही नव्हते. सकाळचा एक नमस्कार बाकी होता, तो फेडला, इतकेच.

रात्री जेवताना हे सांगितले तेव्हा वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, नदीत बसलेले सगळे रिकामटेकडे आहेत असे लोकांना वाटते. त्यांच्यातले कितीतरी दूरच्या वस्त्यांतून मूत्रपिंडाच्या आजारासाठी आलेले असतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घर पाचशे किलोमीटरवर. जाणार कुठे?" त्यांनीच पुढे सांगितले की पश्चिमेकडील किंटोर वस्तीच्या लोकांनी आपल्याच माणसांनी काढलेल्या चित्रांचा सन २००० मध्ये सिडनीत लिलाव केला, दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमवली आणि २००४ पासून आपल्या वस्तीतच डायलिसिसची सोय केली, ती केवळ आपल्या म्हाताऱ्यांना आपल्या भूमीवर राहता यावे म्हणून. ज्यांच्या वस्तीत अजून ते यंत्र पोहोचले नाही, ते या गावात येतात आणि वाट पाहतात. आमच्या त्या दिवशी कोणीच आमची वाट पाहत नव्हते. त्यांचे सारे दिवसच वाट पाहण्याचे.

ऑगस्टच्या आरंभी आम्ही वसईस परतलो. पाऊस लागला होता. आमच्या गावापासून पूर्वेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी वारल्यांचे पाडे आहेत. पावसाळ्यात ती माणसे आमच्या लोकांच्या शेतांत आवणीला येतात, हिवाळ्यात वाड्यांत राबतात. त्यांच्या शेजारचे कातकरी वीटभट्ट्यांवर जातात. लहानपणापासून आम्ही त्यांच्या बाजूने सायकलवरून गेलो आहोत. त्यांच्या जमिनी सावकारांच्या घशात कशा गेल्या हे आम्ही पुस्तकांत वाचले होते आणि त्यावर एकदा व्याख्यानही दिले होते. पण रस्त्याच्या कडेला इरले घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा हात कधी वर झाला होता की नाही, हे आम्हाला खरोखर आठवेना. सायकलवरून जाणाऱ्याला माणसे दिसतात, हा आमचा समज. ज्या अंगणातून हाक येण्याची सवय होती, तेवढीच ती दिसत आली होती.

एके दुपारी सरी थांबल्या तेव्हा आम्ही रूळ ओलांडून एका पाड्यावर गेलो. पडवीत एक आजोबा बांबूच्या कामट्या सोलत बसले होते. नमस्कार केला. समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून विचारले, "आजोबा, त्या डोंगराला तुमच्यात काय म्हणतात?"

आजोबांनी कोयता खाली ठेवला. आमच्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "आजवर नाय विचारलं कोणी. आज कशाला?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही सायकल कुडाला टेकवली आणि पडवीत बसलो.